लपलेल्या फायलींचा बंदोबस्त

२ मार्च, सोमवार

दुकानातल्या कॉम्प्युटरने आज मान टाकली. एका गिऱ्हाइकाचं नाव टाइप केलं. अक्षरं स्क्रीनवर उमटेपर्यंत गिऱ्हाइकाने काउंटरवरच्या सगळ्या फ्रेमा नापसंत केल्या आणि ते निघूनही गेलं. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. जागाच उरली नाही म्हणे.

ही आतल्या खोलीतून म्हणाली, कॉम्प्युटरवाल्याला बोलवा. मी म्हटलं, मी असताना? ही म्हणाली, तुम्ही आहात म्हणूनच लवकर बोलवा. हिची विनोदाची एक पद्धत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, सवय झाली आहे.

खरं तर आमच्या चष्म्याच्या दुकानात कामाची वाटणी स्वच्छ आहे. डोळे तपासून नंबर ही काढते. काच घासून फ्रेममध्ये बसवायला कारागीर आहे. बाकी सगळं व्यवस्थापन माझ्याकडे. कॉम्प्युटर हा व्यवस्थापनाचा भाग आहे.

निश्चय: शनिवारच्या आत कॉम्प्युटर स्वतः साफ करायचा. शांतपणे, शास्त्रशुद्ध, कुणाचीही मदत न घेता.

३ मार्च, मंगळवार

सफाईला आरंभ. आधी डी ड्राइव्ह पाहिला. तिथे एक भलंमोठं फोल्डर. नाव इंग्रजीत: ‘पुसू नये’. असं नाव देणाऱ्याच्या मनात काळंबेरं असतंच. आत पाहिलं तर नुसत्या नकला. तीच फाइल, पुन्हा तीच फाइल, नाव तेच, तारीख फक्त वेगळी. एकच गोष्ट परत परत साठवून ठेवायची म्हणजे वेडेपणा. पुसलं. रिसायकल बिनही रिकामं केलं. घरात केर काढून तो सुपलीत ठेवत नाहीत.

तरी सी ड्राइव्हची लाल पट्टी जागची हलली नाही. मग सी ड्राइव्हमधल्या सगळ्या फोल्डरांची बेरीज केली. जागा भरली आहे म्हणतो तेवढी बेरीज येतच नाही. निम्मीसुद्धा येत नाही. म्हणजे आमच्या कॉम्प्युटरमध्ये कुणीतरी लपून राहतंय.

मेहुण्याला सहज फोन केला. मदत म्हणून नव्हे, माहिती द्यायला. तो म्हणाला, दाजी, काही सिस्टिम फायली मुद्दामच लपवलेल्या असतात, त्यांना हात लावू नका. हे सांगताना त्याचा आवाज जरा घाबरा वाटला. त्याला हे जमलं नसावं.

४ मार्च, बुधवार

सापडले!

फोल्डरच्या वरच्या पट्टीत ‘व्ह्यू’, त्यात ‘हिडन आयटम्स’, त्याच्यापुढच्या चौकोनात बरोबरची खूण. एवढंच. खूण करताक्षणी फिकट रंगाची फोल्डरं स्क्रीनवर उगवली. अर्धपारदर्शक, धुक्यातून चालत आल्यासारखी. इतकी वर्षं आम्ही एकाच टेबलावर बसत होतो आणि मला पत्ता नाही.

हिला हाक मारली. ही एका आजोबांच्या डोळ्यांत थेंब घालत होती. थेंब घालून आली, पाहिलं आणि म्हणाली, दिसत नव्हते तेव्हा बरं होतं. परत गेली. शोधाचा आनंद प्रत्येकालाच कळतो असं नाही.

दुपारी आणखी खोलात शिरलो. ‘ऑप्शन्स’मध्ये एक दुसरं कुलूप सापडलं. संरक्षित सिस्टिम फायली लपवाव्यात, अशी एक ओळ आणि शेजारी ‘रेकमेंडेड’. ही शिफारस सर्वसामान्यांसाठी असते. खूण काढली. कॉम्प्युटरने विचारलं, या फायली पुसल्यात तर मशीन बंद पडू शकतं, नक्की? मी ‘येस’ दाबलं. माणसाने मशीनला घाबरायचं की मशीनने माणसाला, हे एकदा ठरलं पाहिजे.

५ मार्च, गुरुवार

शत्रू जुनाट आणि चिवट आहे.

डेस्कटॉपवर ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाच्या दोन फायली निघाल्या. जुळी भावंडं. पुसल्या. चहा पिऊन आलो तर परत हजर. पुन्हा पुसल्या. पुन्हा हजर. वाळवी बरी.

फोटोंच्या फोल्डरमध्ये ‘थम्ब्स’ नावाची फाइल. थम्ब म्हणजे अंगठा. आमच्या नकळत आमचे अंगठ्याचे ठसे घेतले जात होते! ताबडतोब पुसली.

‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’वर क्लिक केलं. म्हणे तुम्हाला परवानगी नाही. मला. माझ्या दुकानात. माझ्या खुर्चीवर बसलेलो असताना.

‘हायबरफिल’ नावाची एक अजस्र फाइल आहे, ती पुसायला गेलो तर ढिम्म हलली नाही. मुलगी परगावी हॉस्टेलवर असते, तिला फोन केला. ती म्हणाली, बाबा, कॉम्प्युटर झोपतो तेव्हा त्याची सगळी आठवण त्या फायलीत ठेवतो, तिला राहू द्या. मग म्हणाली, आईला माहीत आहे का तुम्ही काय करताय? मी म्हटलं, आईला फक्त निकाल कळेल. फोन कट झाला. रेंज गेली असावी.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळ

मोहीम फत्ते. काय घडलं ते क्रमाने लिहितो, पुढे उपयोगी पडेल.

सी ड्राइव्हमध्ये ‘प्रोग्रॅमडेटा’ नावाचं एक फिकट फोल्डर आहे. पूर्वी दिसत नव्हतं. त्याच्या पोटात आणखी एक फोल्डर, नाव म्हणजे नुसती तीन इंग्रजी अक्षरं. ना शेंडा ना बुडखा. आमच्या ओळखीत या अक्षरांचं कुणी नाही. त्यात एकच अवाढव्य फाइल. मी लगेच पुसली नाही. आधी दिवसभर पाळत ठेवली.

निष्कर्ष धक्कादायक होते. सकाळी दुकान उघडलं की ही फाइल बदलायला लागते. गिऱ्हाइकांची गर्दी झाली की जास्त बदलते. जेवणाच्या सुट्टीत गप्प. तिच्या शेजारच्या बारक्या फायलींच्या तारखा पाहिल्या, तर रविवारची एकही नाही! म्हणजे चोर आमच्या दुकानाच्या वेळा पाळतो. आत कोण आलं, कोण गेलं, सगळं टिपून घेतो.

दुकान बंद करायच्या वेळी घाव घातला. आधी कॉम्प्युटर म्हणाला, ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. मी सगळे प्रोग्रॅम बंद केले, आपला रोजचा नंबरांचा प्रोग्रॅमसुद्धा. मग शिफ्ट दाबून डिलीट. शिफ्ट दाबलं की फाइल रिसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी होते. हे सगळ्यांना माहीत नसतं.

लाल पट्टी निळी झाली!

ही दिवे मालवत होती. तिला दाखवलं. ही म्हणाली, खरंच की हो! आणि हसली. हे हसू बऱ्याच दिवसांनी पाहिलं. कॉम्प्युटरवाल्याचा फोन नंबर मोबाइलमधून काढून टाकला.

८ मार्च, रविवार

दुकान बंद. मन प्रसन्न.

विचार: आपल्याकडचं हे ज्ञान नुसतं पडून राहतं आहे. चष्म्याबरोबर संगणक-सफाईचा सल्लाही देता येईल. डोळे आणि स्क्रीन, दोन्ही एका छताखाली.

मेहुण्याला कळवलं. त्याने विचारलं, दाजी, त्या फोल्डरची ती तीन अक्षरं कोणती होती? मी म्हटलं, चोराचं नाव विचारून काय करायचंय? तो म्हणाला, नंबरांचा प्रोग्रॅम नंतर उघडून पाहिलात? मी म्हटलं, सुट्टीच्या दिवशी मी कामाचं बोलत नाही.

९ मार्च, सोमवार

सकाळ. नंबरांचा प्रोग्रॅम क्लिक करायचा अवकाश, उघडला! इतका चपळ तो आयुष्यात कधी नव्हता. स्क्रीन लख्ख, कोरी. जुन्या नावांचं ते लांबलचक गचपण कुठेच नाही.

दुपार. गचपण कुठेच नाही.

पोस्टातल्या बाई आल्या होत्या. पोस्टातून रिटायर झाल्या तेव्हापासून आमच्याकडेच चष्मा करतात. चष्मा बसमध्ये विसरल्या, उद्या प्रवासाला निघायचंय, जुन्याच नंबरचा तातडीने करून द्या म्हणाल्या. नाव टाकलं. नोंद नाही. आडनाव टाकलं. नोंद नाही. माझं स्वतःचं नाव टाकलं. मीही नाही. हिचं टाकलं. हीही नाही. एकूण नोंदी: शून्य.

बाईंना म्हटलं, सर्व्हर डाउन आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे काय हो भाऊ? मी म्हटलं, तेच तर बघतोय.

तेवढ्यात हिने आतून दुसऱ्याच एका पेशंटसाठी विचारलं, अहो, यांचा मागचा नंबर काय होता? आता काय सांगू? मी बाहेरूनच ओरडलो, जवळजवळ हाच! ही म्हणाली, बरं. तिचा माझ्यावर विश्वास आहे.

पोस्टातल्या बाईंचा नंबर मला आठवत होता. अडीच. अधिक की वजा एवढाच प्रश्न होता. दोन्हींत आकडा तोच असल्यामुळे फार विचार केला नाही. कारागिराला वजा अडीच लिहून दिलं. संध्याकाळी बाई चष्मा घेऊन गेल्या. घाईत होत्या, घालून पाहिला नाही. देवासारख्या गिऱ्हाईक.

१० मार्च, मंगळवार

घाबरण्याचं कारण नाही. पुसलेल्या फायली परत आणणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. खबरदारी म्हणून एक न घेता मिळतील तेवढे घेतले आणि सगळे सी आणि डी, दोन्ही ड्राइव्हमध्ये भरले. एकाने फोटो परत आणले, पण ते मी कधी न काढलेले. दुसऱ्याने ती जुळी भावंडं परत आणली.

हिला सांगितलं, प्रोग्रॅम अपडेट होतोय. ही म्हणाली, अजून? मी म्हटलं, मोठं अपडेट आहे.

शेवटी औषधांच्या दुकानामागच्या बोळात जाऊन कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. नंबर मेहुण्याकडून घ्यावा लागला. मेहुण्याने कारण विचारलं नाही, हे मनाला लागलं.

कॉम्प्युटरवाला बडबड्या माणूस. म्हणाला, काका, पहिलं काम, त्या मशीनवर नवीन काही भरू नका, नाहीतर पुसलेल्याच्या जागी ते जाऊन बसेल. मी म्हटलं, समजा, भरलं असेल तर? तो म्हणाला, मग संपलं. बॅकअप असेल ना? तो प्रोग्रॅम रोज स्वतःच डी ड्राइव्हमध्ये नक्कल ठेवतो. ‘पुसू नये’ असं फोल्डर बघा, ते हललं तर नक्कल होतच नाही, म्हणून तर ते नाव दिलंय.

मी म्हटलं, बघतो. आणि बोळातच जरा वेळ उभा राहिलो.

११ मार्च, बुधवार

निश्चय: हिला आज सांगायचं.

दुपार: गर्दी होती.

संध्याकाळ: हिचं डोकं दुखत होतं. दुखऱ्या डोक्याला अशी बातमी देणं माणुसकीला धरून नाही. उद्या नक्की.

१२ मार्च, गुरुवार

सांगावं लागलं नाही.

सकाळी पोस्टातल्या बाई आल्या. प्रवासाला गेल्याच नव्हत्या. आमच्या पायरीवर पाय टाकला तो पायरी सोडून. गुडघा फुटला. मी धरून खुर्चीवर बसवलं. चष्मा काढून काउंटरवर ठेवत म्हणाल्या, भाऊ, रागावू नका, पण या चष्म्यातून मला माझी बोटंसुद्धा परक्याची वाटतात. काल चहा कपात ओतला आणि कप शेजारीच होता. मी म्हटलं, नवीन चष्म्याला सरावायला वेळ लागतो.

ही आवाज ऐकून बाहेर आली. आधी गुडघ्याला पट्टी बांधली. मग चष्मा उचलून उजेडात धरला, काच हलवून पाहिली. विचारलं, यांना वजा नंबर कुणी दिला? यांचा अधिकचा आहे.

कारागिराने काच घासणं थांबवलं.

मी सगळं सांगितलं. बऱ्यापैकी क्रमाने. ही ऐकत होती. शेवटी विचारलं, सगळंच गेलं? मी म्हटलं, सिस्टिम फायली शाबूत आहेत.

हिने बाईंना आत नेलं, डोळे तपासले, नंबर काढला, कारागिराला स्वतः लिहून दिला. चष्मा तयार होईपर्यंत त्यांच्या शेजारी बसून राहिली. बाई गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन पेशंटच्या खुर्चीवर बसली. दिवा लावला नाही. मी दारात उभा राहून म्हटलं, अगं, नंबरच तर आहेत, पुन्हा काढता येतील.

ही म्हणाली, नंबर पुन्हा काढता येतो हो. मागचा नंबर पुन्हा काढता येत नाही. एखाद्या पोराचा नंबर वर्षाला किती धावतोय, कुणाच्या डोळ्यातलं प्रेशर कधीपासून चढतंय, ते मी मागचं बघूनच सांगते ना? आता कशाच्या मागे बघू?



१३ मार्च, शुक्रवार

ही बोलत नाही. म्हणजे बोलते: चहा झालाय, छत्री घ्या, किल्ली कुठाय. पण बोलत नाही.

मेहुणा येऊन गेला. एका शब्दाने बोलला नाही. उलट माझ्या खांद्यावर हात ठेवला. वयाने धाकटा आहे माझ्याहून.

मुलीचा फोन. आईशी बोलायचं म्हणाली. दोघी बराच वेळ बोलल्या. शेवटी ही हसल्यासारखा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो तर थांबला.

१४ मार्च, शनिवार

मार्ग निघाला. प्रत्येक पेशंटला तपासणीनंतर ही हाताने लिहून एक कार्ड देते. लोक ते पाकिटात, पर्समध्ये, कपाटात टाकतात. कार्डं परत मागवायची आणि नोंदी पुन्हा भरायच्या. कल्पना हिची, पण अंमलबजावणी माझी.

दारावर पाटी लावायची ठरली. मी मजकूर केला: ‘सुवर्णसंधी! आपल्या डोळ्यांचा इतिहास आमच्याकडे सुरक्षित ठेवा!’ हिने वाचली आणि खोडली. तिने लिहिलं: ‘आमच्या चुकीने आपल्या नोंदी पुसल्या गेल्या आहेत. जुनं कार्ड असेल तर कृपया आणावं. डोळे पुन्हा मोफत तपासून देऊ.’

मी म्हटलं, ‘चुकीने’ हा शब्द धंद्याला मारक आहे. ही म्हणाली, बरं, मग ‘आमच्या’ काढू आणि तुमचं नाव घालू. ‘आमच्या’ राहिलं.

२० मार्च, शुक्रवार

रीघ लागली आहे. चुरगळलेली कार्डं, चहा सांडलेली कार्डं, काही तर मागे फोन नंबर आणि सामानाची यादी लिहिलेली. काहींची दोन दोन, तीन तीन वर्षांची. काहींकडे काहीच नाही, ते नुसतेच आले, हिच्याशी बोलून गेले. नव्या फ्रेमाही खपत आहेत. एका अर्थी ही मोहीम माझ्यामुळेच सुरू झाली, पण हे मी बोलून दाखवत नाही. एकदाच दाखवलं.

दुकान बंद केल्यावर ही सांगते, मी टाइप करतो. दोन बोटांनी. नंबर कार्डावरून, बाकीचं तिच्या डोक्यातून. या आजींना डाव्या बाजूने बोला, उजव्या कानाने ऐकू येत नाही. या पोराला वर्गात मागे बसवतात, आईला सांगून पुढे बसवायला लावायचं. हे गृहस्थ डोळे चुरचुरतात म्हणून दर महिन्याला येतात, डोळ्यांत काही नाही, घरी बोलायला कुणी नाही. थेंब घालायचे आणि थोडं बसवून घ्यायचं.

मी विचारलं, हे सगळं त्या फायलीत होतं? ही म्हणाली, होतं की. तुम्हीच तर टाइप करायचात रोज.

वाचत नव्हतो.

२५ मार्च, बुधवार

कॉम्प्युटरवाला आज दुकानात येऊन गेला. नक्कल आता वायरने जोडायच्या एका वेगळ्या छोट्या पेटीत ठेवली जाते आणि ती पेटी संध्याकाळी ही पर्समध्ये घालून घरी नेते. मला स्वतंत्र अकाउंट मिळालं आहे. नाव ‘काउंटर’. त्यात लपलेलं काही दिसत नाही, पुसायचं काही चालत नाही. कॉम्प्युटरवाला म्हणाला, काका, एकदम सुरक्षित. बहुधा माझ्या सुरक्षिततेबद्दल बोलत असावा.

पोस्टातल्या बाई प्रवासाहून परतल्या. चष्मा झकास म्हणाल्या. हिला एक रुमाल आणला होता. मला म्हणाल्या, भाऊ, पायरीला पिवळा पट्टा ओढा. ओढला. लगेच, आणि सरळ.

२९ मार्च, रविवार

दुकान बंद, तरी दोघंच गेलो. नोंदी भरून होत आल्या. निम्म्याहून थोड्या जास्त परत मिळाल्या. उरलेल्या गेल्या त्या गेल्या.

ही म्हणाली, सगळं गाव तपासून झालं, आता तुम्ही बसा. मी म्हटलं, मला काय धाड भरलीये? ही म्हणाली, बसा.

बसलो. तिने दिवा मालवला, तक्ता उजळला. म्हणाली, वाचा. मी वरपासून खालच्या बारीक ओळीपर्यंत घडाघडा वाचलं, कुठेही न अडखळता. इतकी वर्षं तो तक्ता पुसतोय मी.

ही म्हणाली, तक्ता मागच्या महिन्यात बदललाय.

नंबर निघाला. दोन्ही डोळ्यांना. लांबचा आणि जवळचाही.

मग ही सांगू लागली, मी टाइप करू लागलो. माझंच नाव, माझंच वय, माझेच नंबर. शेवटी शेरा. ही म्हणाली, लिहा: ‘दिसत नसलं तरी दिसतंय म्हणतात. उत्तरांवर विसंबू नये.’ मी म्हटलं, हे जरा कडक होतंय. ही म्हणाली, लिहा.

लिहिलं. ‘विसंबू’वरचा अनुस्वार पडला की नाही, ते काही केल्या दिसेना. खुर्ची पुढे ओढली, मागे नेली, मान तिरकी करून पाहिली.

शेवटी हिलाच विचारलं.